ताईच्या घराचा दस्त

आज सोलापुरात ताईच्या फ्लॅटची नोंदणी झाली. दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळपासून रांग. फोटो, अंगठा, साक्षीदार, आणि दुपारी इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झाल्याचं कागदपत्र, हातात आलं तेव्हा ताईला रडूच आलं. खासगी शाळेतल्या पगारातून अकरा वर्षं पैसे साठवलेत तिने. घर तिच्या एकटीच्या नावावर, त्यामुळे मुद्रांक शुल्कात महिलांची १ टक्का सवलतही मिळाली.

रांगेत पुढचे काका रेडी रेकनरबद्दल, म्हणजे सरकार ठरवतं त्या घर-जमिनीच्या दरांबद्दल, बोलत होते. १ एप्रिल २०२५ पासून दर वाढले, त्यात राज्यात सगळ्यात जास्त वाढ आमच्या सोलापूर महापालिकेत, १०.१७ टक्के. पुण्यात ४.१६, मुंबईत ३.३९. तिकडचे दर मुळातच आभाळाला टेकलेत हे खरं, पण सोलापूरचे पगार कुठे तेवढे वाढले? आणि व्यवहार रेकनरपेक्षा कमी किमतीत झाला, तरी शुल्क रेकनरच्या किमतीवरच भरावं लागतं. मला हे फार लागलं. माझे निम्मे वर्गमित्र वाकड-हिंजवडीला हप्ते फेडतायत. गावाकडे घर परवडतं, एवढाच आधार होता आम्हाला.

ताईने मात्र घेतलंच. संध्याकाळी आई नव्या घरात दूध उतू घालायला निघाली आहे, पातेलं घरचंच हवं म्हणून पिशवीत भरून.