नोपाल लिकुआदो, नोंद ११: तार तुटली, आणि शनिवारी पुन्हा लागली

बुधवारी सकाळी साडेआठला नोपालाच्या, म्हणजे खाण्याच्या निवडुंगाच्या, लिकुआदोच्या (मिक्सरमध्ये फिरवलेल्या पेयाच्या) पेल्यातून चमचा वर उचलला आणि तो एकटाच वर आला. मागे तार नाही. हिरवे थेंब टपटप खाली पडले, सरबताचे पडावेत तसे. ओट्याशी उभ्या उभ्याच मी सगळा पेला संपवला आणि मग लक्षात आलं की मोजमापं लिहायची राहिली. गुरुवारी तेच प्रमाण घेतलं, पुन्हा तेच. शुक्रवारी ही नोंद ‘तार तुटली’ एवढ्याच मथळ्याने लिहायला घेतली. शनिवारी दुपारी तीच लिकुआदोरा (मिक्सर), तेच वजन, तेवढेच सेकंद, आणि चमच्यामागे सहा बोटं लांब, पक्की दोनतारी! म्हणून मथळा बदलला आणि नोंद लांबली.

मोजायची पद्धत जुनीच आहे. मिश्रण दोन मिनिटं स्थिर ठेवायचं, चमचा बुडवून सावकाश उचलायचा, तार तुटेपर्यंत किती बोटं आली ते लिहायचं. एका बोटाच्या आत असेल तर पिण्याजोगं. दोन-तीन बोटं म्हणजे एकतारी. त्यापुढे दोनतारी, म्हणजे पेला तोंडाला लावला की सगळा ऐवज एकदम घशात येतो.

इथे मेक्सिको सिटीत या बुळबुळीला ‘बाबा’ म्हणतात आणि ती घालवायचे उपाय प्रत्येक घरात पाठ असतात. मीठ चोळून ठेवायचं आणि धुवायचं, कोमालवर (तव्यावर) चिकटा सुकेपर्यंत भाजायचं, कांदा नि हिरव्या तोमातेच्या (टोमॅटोसारख्या हिरव्या फळाच्या) सालपटांबरोबर उकळायचं. भाजीसाठी हे सगळे उत्तम. नोंद ४ ते ६ मध्ये मी मिठाचा उपाय तीन प्रकारे केला आणि तार खरंच गेली. पण धुतलेल्या पाण्यातून जे मोरीत गेलं, तेच तर मला पेल्यात हवं होतं. नोपालाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ९४ ग्रॅम पाणी असतं. उरलेल्यात मोलाची गोष्ट म्हणजे हा चिकटा, अरॅबिनोज, गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज, झायलोज आणि गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाच्या लांबच लांब साखळ्यांचा. पाण्यात विरघळणारा तंतू तो हाच. तो धुऊन टाकायचा तर मग नोपाल घालायचाच कशाला? म्हणून नोंद ७ पासून माझं काम एकच आहे: बुळबुळ पेल्यात राहिली पाहिजे, तार राहता कामा नये.

बुधवारी बदललं ते एवढंच. आतापर्यंत मी नोपालाचे तुकडे आधी पाण्यात फिरवत होते, पालक फिरवतो तसे, आणि संत्रं, अननस, लिंबू नंतर. बुधवारी क्रम उलटा केला. एक सोललेलं संत्रं, ८० ग्रॅम अननस, दोन छोट्या हिरव्या लिंबांचा रस आणि १०० मिली पाणी हे आधी २० सेकंद. त्यात नोपाल १२० ग्रॅम, म्हणजे हाताच्या पंज्याहून लहान दोन पेंका (नोपालाच्या चपट्या फड्या), पुढे ४० सेकंद. शेवटी सेलरीची अर्धी दांडी आणि मूठभर पार्स्ली, १० सेकंद. बर्फ नाही.

चिकट्याच्या त्या साखळ्यांवर आम्लाचे गट असतात. साध्या पाण्यात त्यांच्यावर विद्युतभार येतो, ते एकमेकांना ढकलतात, साखळी ताणून पसरते आणि तार लांबते. आंबट रसात तो भार उतरतो, साखळी आखडते. आपण भेंडीत आमसूल किंवा ताक घालतो ते याच कारणाने. गंमत अशी की मी भेंडीचा दुसरा नियम इतके दिवस कटाक्षाने पाळत होते (धुऊन, पुसून, कोरडी करूनच चिरायची) आणि हा पहिला विसरले होते. लिंबू पडत होतं, पण तार पाण्यात पुरती पसरून झाल्यावर.

नोंद ३ मधलं एक विधान इथे मागे घेते. अननसातल्या ब्रोमेलेनमुळे चिकटा तुटतो असं मी लिहिलं होतं. ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं, आणि हा चिकटा कर्बोदकांचा आहे. अननस उपयोगी पडतो तो त्याच्या आंबटपणामुळे. ज्यांनी माझ्या भरवशावर अननस दुप्पट केला असेल त्यांनी तो कमी करावा, विनाकारण साखर वाढते. बर्फाचंही तसंच. थंडाव्याने चिकटा घट्ट होतो, आणि मी दहा आठवडे फ्रिजमधल्या पेंकांवर वर बर्फही टाकत होते.

आता शनिवार. पहिला संशय लिंबांवर, पण ती त्याच पिशवीतली होती. दुसरा लिकुआदोरावर. माझी ओस्टर आहे, काचेच्या भांड्याची, आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. काचेला वास धरत नाही आणि तळाशी चिकटलेला पापुद्रा दिसतो. (भारतातून आणलेला मिक्सर इथल्या १२७ व्होल्टवर चालत नाही. आणू नका.) भांडं धुऊन पुन्हा केलं, पाच बोटं. तिसऱ्यांदा अर्धं लिंबू जास्त पिळलं, साडेतीन बोटं. म्हणजे दिशा बरोबर होती, फक्त त्या दिवशीच्या नोपालाला आंबट जास्त लागत होतं. का, ते कळेना. रात्री झोप धड लागली नाही.

रविवारी सकाळी नार्वार्तेच्या बाजारात ज्या मार्चांताकडून (विक्रेतीकडून) मी बुधवारी नोपाल घेतले होते, तिच्याकडे गेले. ती मिल्पा आल्ताची, शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्कोच्याही पुढे, जिथे डोंगरउतारांवर नजर जाईल तिथे नोपालच आहे. मी शनिवारच्या पेंका पिशवीतून काढून दाखवल्या. तिने एकीचा कोपरा मोडला, चावला आणि विचारलं, “किती वाजता घेतलेस?” तिआंगिसवर (रस्त्यावरच्या बाजारात), दुपारी तीनला, मी म्हटलं. “मग गोडच लागणार. उन्हात पडून होते. आंबट हवेत तर माझ्याकडे सकाळी ये, मार्चांतिता.” तिच्या दृष्टीने यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. तिने पुढच्या गिऱ्हाइकासाठी सोलायला घेतलंही.

आणि मी तिथे पिशवी घेऊन उभी! हे मला पुस्तकातून माहीत होतं. निवडुंग दिवसा फडीवरची रंध्रं मिटून घेतो, पाणी वाचवायला. रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो. दिवसभर प्रकाशात ते आम्ल वापरून साखर बनवतो. म्हणजे पहाटे पेंका सर्वांत आंबट, दुपार कलली की सर्वांत कमी. बुधवारचा माल पहाटे कापलेला होता आणि गुरुवारपर्यंत माझ्या फ्रिजमध्ये अंधारात, थंडीत तसाच राहिला. शनिवारचा दिवसभर फळीवर उन्हात.

तेपाचेच्या (अननसाच्या आंबवलेल्या पेयाच्या) वेळच्या पीएच पट्ट्या कपाटात शिल्लक होत्या; आकडा जितका कमी तितकं आंबट. पाणी न घालता खलात कुटलेला नोपाल, त्यावर पट्टी. मार्चांताचा रविवार सकाळचा: ४. शनिवारचा, फ्रिजमधला: ५ च्या थोडा वर. मग सकाळचीच एक पेंका खिडकीत उन्हात ठेवली. दुपारी साडेतीनला तीही ५ वर. तिन्ही पट्ट्या वाळवून वहीत चिकटवल्या आहेत. इतका आनंद मला बुधवारच्या पेल्यानेही झाला नव्हता.

रविवारच्या सकाळच्या मालाचा लिकुआदो बुधवारच्याच प्रमाणात: अर्धं बोट. एका लिंबावर आणला तरी पाऊण बोट.

मग लिंबू वाढवूनच प्रश्न सोडवावा का? चालेल, पण रंग जातो. आंबटात हरितद्रव्य टिकत नाही, वीस मिनिटांत पेला शेवाळी दिसायला लागतो. तीन लिंबांना तर आधीच. शिवाय मग ते झाकायला संत्र्याचा रस वाढतो, आणि रस्त्यावरच्या हुगो वेर्देचं (हिरव्या रसाचं) नेमकं हेच होतं. अर्धा लिटरच्या पेल्यात निम्म्याहून जास्त संत्र्याचा रस असतो, वरून गाळलेला. चवीला सुंदर लागतो, मीही घेते, पण ज्या तंतूसाठी नोपाल घालायचा तो गाळणीत राहतो. घरी करायचं असेल तर संत्रं फोडींसकट आणि गाळणं बंद, या मतावर मी ठाम आहे.

साखरेचा विषय आलाच आहे तर सांगते. १९८० च्या दशकात इथल्या डॉक्टरांनी मधुमेही लोकांना नोपाल खायला देऊन रक्तातली साखर मोजली आणि ती उतरलेली दिसली. पण तो भाजलेला नोपाल होता, एका वेळी ५०० ग्रॅम. माझा १२० ग्रॅमचा कच्चा पेला म्हणजे ती गोष्ट नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. कॅल्शियमचंही तेच. आकडा मोठा दिसतो, पण त्यातलं बरंचसं ऑक्झलेटमध्ये अडकलेलं असतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनीही म्हणूनच सांभाळून.

महाराष्ट्रातून दोघांनी विचारलं होतं की बांधावरचा निवडुंग चालेल का. कृपया नीट वाचा. आपण निवडुंग हे नाव दोन अगदी वेगळ्या झाडांना देतो. मोडल्यावर पांढरा चीक येणारा, तीनधारी किंवा काठीसारखा वाढणारा, तो युफॉर्बिया. तो चीक विषारी असतो, डोळ्यात गेला तरी मोठी इजा करतो. त्याच्या जवळही जाऊ नका. फड्या निवडुंग हा नोपालाचा सख्खा भाऊबंद, लाल बोंडं येतात तो, पण बांधावरची जात वेगळी, काटे दांडगे आणि फडी जून. इथे खातात ती ओपुंशिया फिकस-इंडिका, तीही कोवळी. झाड नक्की ओळखता येत नसेल तर घरी भेंडीवर समाधान माना.

सोलण्याबद्दल एक छोटी बातमी: रविवारी दहा पेंका सोलल्या आणि एकही कुसळ बोटात गेलं नाही. मोठे काटे त्रास देत नाहीत, त्यांच्या बुडाशी असतात ती केसासारखी आग्वातेस छळतात. सालकाढणं फेकून दिलं. आता बारीक, धारदार सुरी जवळजवळ आडवी धरते, पेंकाचा देठ चिमट्यात, आणि टोकाकडून देठाकडे ओढते. कडा शेवटी चारी बाजूंनी उतरवायच्या. काट्यांसकट विकत घेऊन घरीच सोलावं, हे माझं मत आणखी पक्कं झालं. सोललेल्या पेंका दुसऱ्या दिवशी जखमांच्या जागी काळ्या पडतात. सुपरमार्केटातल्या चिरलेल्या नोपालितोसच्या पिशव्या तर घेऊच नका, पिशवीतच तार सुटलेली असते.

पुढची योजना शोकोनोस्त्ले होती. हेही निवडुंगाचंच फळ, पण आंबट, आणि बिया मधोमध एका गोळ्यात असल्याने झटकन निघतात. लिंबाऐवजी तेच वापरून नोंद १२ करायची, असं ठरवून मी शनिवारच्या उरलेल्या सहा पेंका टाकून द्यायला निघाले होते.

पण वरचा परिच्छेद लिहिताना मनात आलं: कापलेली पेंका मेलेली कुठे असते? आठवडाभर ओट्यावर पडली तरी कडेने कोंब फुटलेले मी पाहिलेत. जिवंत असेल तर रात्री श्वासही घेत असेल. मग तिला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये का कोंडायचं? या शहराची उंची २,२४० मीटर, रात्री गारच असतात. शोकोनोस्त्ले थांबू दे. आत्ता रविवारचे रात्रीचे साडेदहा झालेत. शनिवारच्या तीन पेंका गॅलरीतल्या फळीवर उघड्यावर मांडल्या, तीन फ्रिजमध्ये ठेवल्या. पावणेसहाचा गजर लावला.

सोमवार, सकाळी ६:४०. फ्रिजमधल्या: पट्टी कालच्यासारखीच, ५ च्या थोडा वर. गॅलरीतल्या तिन्ही: ४ आणि ५ च्या मधोमध. उजाडायच्या आत मोजल्या, प्रत्येकीवर दोन-दोन पट्ट्या. गॅलरीतल्या दोन पेंकांचा पेला बुधवारच्या प्रमाणात केला: सव्वा बोट. शनिवारी याच मालाने सहा बोटं काढली होती! फ्रिजमधल्या दोन फ्रिजबाहेर काढून अर्धा तास ठेवल्या, थंडावा आड यायला नको म्हणून, आणि मगच केल्या: पावणेसहा बोटं.

रात्र एकच झाली आहे आणि पेंका सहाच. गॅलरीतली तिसरी शिल्लक आहे, तिच्या देठाशी तपकिरी डाग दिसतोय, सुकतेय की सडतेय ते संध्याकाळी कळेल. बुधवारी मार्चांताकडून बारा घेणार आहे, काट्यांसकट. सहा तिच्या सकाळच्या, सहा मी मुद्दाम दिवसभर उन्हात ठेवून रात्री गॅलरीत मांडेन. पट्ट्या संपत आल्या आहेत, आज येताना आणायच्या.