चिमीच्या जांभया

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात भयपटाचं शूटिंग, आणि नायिका आमच्या दवाखान्यात लस घ्यायला येणारी चिमी. गावठी कुत्री, पिवळसर, एक कान कायम पडलेला. सिनेमात प्राणी घ्यायचा तर २००१च्या नियमांप्रमाणे प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि तंदुरुस्तीचा दाखला पशुवैद्याचा. दाखला मी दिलेला, म्हणून सेटवरही मीच.

दिग्दर्शक पोरगा हुशार. २०२५चा ‘गुड बॉय’ त्याला तोंडपाठ. त्यात दिग्दर्शक बेन लिऑनबर्गचा स्वतःचाच कुत्रा, इंडी, नायक आहे. भुताटकी दिसते ती त्याच्या नजरेतून, माणसांचे चेहरे बहुतेक झाकलेलेच. ते चित्रीकरण तीन वर्षांत मिळून ४००च्या वर दिवस चाललं. आमच्याकडे वाडा होता लग्नसराई सुरू होईपर्यंत.

शॉट साधा. चिमी ओसरीवरून येते, माजघराच्या दाराशी थबकते, आत बघून घाबरते. ती दारापर्यंत यायची आणि भलीमोठी जांभई द्यायची. दर वेळी.

“मॅडम, हिले तं झोप येऊन राहिली! मागून एक लवंगी लावू का? चेहऱ्यावर भेव दिसलं पाहिजे ना.”

“लवंगी लावलीस तर दाखला फाडून घरी जाईन,” मी म्हटलं. “आणि ती घाबरलेलीच आहे.”

त्याला जवळ बसवून दाखवलं. जांभई, पाठोपाठ जिभेनं नाक चाटणं. मान दारापासून फिरवलेली पण नजर तिकडेच, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी कोर. पुढचा एक पाय अधांतरी. कुत्र्याची खरी भीती अशीही असते. पडद्यावर लोक म्हणतील, कंटाळलं बिचारं.

हे ऐकून लाइटवाले दादा उदबत्ती शोधायला लागले. “काहीतरी आहे राजेहो आत.” रात्रीची वेळ, वाडा पडका, मलाही बरं वाटत नव्हतं.

पण माणसाला साधारण २०,००० हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, कुत्र्याला ४५,०००पर्यंत येतं. दाराआडच्या कोनाड्यात निळा एलईडी लावला होता, आणि त्याचा अगदी स्वस्तातला अडॅप्टर. असे अडॅप्टर कधीकधी आपल्याला ऐकू न येणारी बारीक शिट्टी घालतात. म्हटलं, आधी तो काढा. काढला. चिमीनं कान झटकला, उंबरा हुंगला, सरळ आत गेली आणि भुताच्या पांढऱ्या लुगड्यावर अंग टाकून मोकळी झाली.

मग शॉट झाला. चिमीला सांभाळणाऱ्या मावशी कॅमेऱ्यामागे उकडलेल्या चिकनचा स्टीलचा डबा घेऊन बसल्या. झाकण जरासं वाजलं मात्र, चिमीची मान तिरकी, श्वास रोखलेला, पडका कानही अर्धा उठला. निव्वळ चिकनची उत्सुकता! पण मॉनिटरवर त्याला अंधाऱ्या दाराचा तुकडा जोडला आणि माझ्याच पोटात गोळा आला.

“बाप्पा! हे तं खरंच भेली,” दादा म्हणाले. डब्याशेजारीच उभे होते.

पॅकअपला मावशींनी विचारलं, “काऊन रे, शेवटी मरत तं नाही ना हे?”

पोरगा घुटमळला. “पाहतो, मावशी.”

“पाहतो काय? मरत असंन तं आताच सांग. मी चालली हिले घेऊन.”

त्यानं तिथूनच लेखकाला फोन लावला.