शेळीच्या मेंदूची सुस्पष्ट एमआरआय प्रतिमा मिळवताना

वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत एखादी शेळी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल फिरू लागली, तर मेंदूतील गाठीची शंका घ्यावी लागते. कुत्र्याच्या आतड्यातील टीनिया मल्टिसेप्स या फीतकृमीची अंडी चाऱ्यातून शेळीच्या पोटात गेली की मेंदूत पाण्याने भरलेली गाठ वाढते. अशा आजाराने दगावलेल्या शेळ्यांचे मेंदू फॉर्मॅलिनमध्ये जतन करून, गाठीच्या आतल्या पडद्यावरची कृमीची बारीक डोकी एमआरआयवर दिसतात का, हे मला पाहायचे होते. प्राणी-संशोधनासाठीचे ७ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचे एकक) यंत्र आमच्या आवाक्यात नव्हते. एका रुग्णालयाने माणसांसाठीचे १.५ टेस्लाचे यंत्र रात्री वापरू दिले. नमुना दुहेरी सीलबंद डब्यात असावा, ही त्यांची अट रास्तच होती.

माणसाच्या डोक्यासाठीच्या ५ मिलिमीटर जाडीच्या छेदांत ही डोकी हरवून जात. पण प्रतिमेचा सर्वांत लहान घटक असलेला १ मिलिमीटर बाजूचा घन ०.५ मिलिमीटरवर आणला की सिग्नल एक अष्टमांश उरतो आणि तो केवळ पुन्हा पुन्हा स्कॅन घेऊन, सरासरी काढून भरून काढायचा तर ६४ पट वेळ लागतो. टेक्निशियन दादांनी डोक्याऐवजी मनगटाची कॉइल (सिग्नल टिपणारे तारेचे वेटोळे) सुचवली. कॉइल नमुन्याला जितकी बिलगून तितका सिग्नल अधिक, आणि इथेच मोठा फरक पडला.

जास्त मेहनत मात्र यंत्राबाहेरची होती. फॉर्मॅलिनमुळे ऊतींचा टी-२ काळ, म्हणजे सिग्नल टिकण्याचा काळ, घटून सिग्नल लवकर विरतो, म्हणून मेंदू फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात), द्रावण बदलत, काही दिवस ठेवला. तापमानाबरोबर टी-१ काळही (ऊती पुन्हा सिग्नल द्यायला सज्ज होण्याचा काळ) बदलतो, त्यामुळे फ्रिजमधला नमुना आधी स्कॅनच्या वातानुकूलित खोलीतच ठेवत असे. मे महिन्यात बाहेरच्या तापमानाचा भरवसा नव्हता.

सर्वांत चिवट अडचण बुडबुड्यांची. मेंदूच्या वळ्यांत अडकलेली हवा चुंबकीय क्षेत्र बिघडवते आणि तिथे काळा ठिपका उमटतो. प्रतिमेत पांढऱ्या दिसणाऱ्या गाठीच्या पाण्यात कृमीची डोकीही काळसरच दिसत असल्याने कडेचा एक बुडबुडा सगळा निष्कर्ष फिरवू शकतो. म्हणून डबा द्रावणात बुडवूनच भरायचा, मेंदू हलकेच तिरपा करत राहायचे आणि मंद निर्वातात बुडबुडे वर येणे थांबेपर्यंत धीर धरायचा, हे मी कटाक्षाने पाळले. तरी शंका उरलीच, तर ग्रेडिएंट एको (क्षेत्रातला बिघाड ठळक दाखवणारा) आणि स्पिन एको (तो बिघाड बराचसा भरून काढणारा) असे दोन्ही स्कॅन घेतले. हवेचा ठिपका पहिल्यात फुगतो, दुसऱ्यात आक्रसतो.

दोन्हींत सारखेच राहिलेले ठिपके मी नकाशावर नोंदवले, गाठ उघडली आणि त्याच जागांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा हुकांसारख्या आकड्यांच्या दुहेरी कड्यासह कृमीची डोकी स्पष्ट दिसली.