काशीयात्रा आणि लॉ सीईटी : तारखांचा मेळ घालताना

नोकरी सांभाळून तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घ्यायचा, असे मी २०२३ च्या दिवाळीत ठरवले. त्याच आठवड्यात आईची आणि आत्याची महाशिवरात्रीला काशीला जाण्याची जुनी इच्छा पुन्हा वर आली. एलएलबीच्या प्रवेशासाठी द्यावी लागणारी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची लॉ सीईटी २०२२ मध्ये ऑगस्टमध्ये आणि २०२३ मध्ये २ व ३ मे रोजी झाली होती, त्यामुळे मार्च मोकळाच असणार असे गृहीत धरून मी तिघींची तिकिटे काढून टाकली. रेल्वेचे आरक्षण तेव्हा १२० दिवस आधी सुरू होत असे, म्हणून ही घाई. नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांची झाली आहे आणि माझ्यासारख्या उतावळ्या माणसांसाठी ते बरेच झाले.

पुढे परीक्षेच्या तारखा पाहिल्या त्या १२ आणि १३ मार्च २०२४. महाशिवरात्र ८ मार्चला होती आणि आमचे परतीचे तिकीट १३ तारखेचे होते.

बाबांचे म्हणणे, "एक वर्ष थांबलीस तर काय बिघडेल?" अमेरिकेतली एलसॅट ही कायद्याची प्रवेश परीक्षा वर्षातून अनेकदा होते, त्यामुळे तिथला विद्यार्थी आपल्या सोयीचे सत्र निवडू शकतो, आपल्या सीईटीला मात्र तेव्हा वर्षातून एकच संधी होती, आणि ती सोडणे म्हणजे पदवीचे सगळे वेळापत्रकच वर्षभराने पुढे ढकलणे. दुसरीकडे, आईला महाशिवरात्रीऐवजी दुसरा दिवस चालला नसता, आणि सत्तरीच्या आत्याला रात्रीच्या गाडीत चढवायला कुणीतरी हवेच होते. महानगरी एक्स्प्रेस मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटते, त्यामुळे तिकिटावर ६ तारीख असली तरी ठाणे स्थानकावर ५ तारखेच्या रात्रीच पोहोचावे लागते. ही चूक आमच्या घरात एकदा होऊन गेलेली आहे.

हॉल तिकीट येईपर्यंत आपला दिवस कळत नाही, म्हणून मी १२ तारीखच धरून चालले. परतीच्या तिकिटातून फक्त माझे नाव रद्द केले. गाडी सुटण्याच्या ४८ तासांहून आधी रद्द केल्यास थर्ड एसीच्या एका प्रवाशामागे १८० रुपये आणि त्यावरचा जीएसटी कापला जात असे. एका वर्षाच्या मानाने हा सौदा स्वस्तच होता. नवे तिकीट ९ मार्चचे काढले आणि तेही कन्फर्म मिळाल्यावरच, कारण परीक्षा तत्काळच्या भरवशावर ठेवण्याइतके धाडस माझ्यात नाही. रविवारी १० तारखेला घरी पोहोचायचे आणि सोमवार हाताशी ठेवायचा, असा हिशेब होता. आईला आणि आत्याला पुढच्या प्रवासासाठी वाराणसीत राहणाऱ्या मामेभावाच्या स्वाधीन केले.

अभ्यासाची वाटणीही प्रवासानुसार केली. १५० प्रश्न, दोन तास आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत, असे तेव्हाचे स्वरूप होते. इंग्रजीचे ५० प्रश्न आणि तर्कक्षमतेचे ३० यांचा सराव घड्याळ लावून करावा लागतो, म्हणून तो निघण्यापूर्वीच संपवला. सामान्यज्ञान व चालू घडामोडींचे ४० प्रश्न तुकड्यातुकड्यांत वाचता येतात, ते गाडीतल्या वरच्या बर्थसाठी ठेवले. घाटावर मात्र वही उघडली नाही.

हॉल तिकिटावर खरोखरच १२ तारीख निघाली आणि केंद्र नवी मुंबईत आले. मी पेपर देऊन ठाण्याला परतले त्या संध्याकाळी आईचा अयोध्येहून फोन आला. अयोध्या माझी अजून राहिलीच आहे.