काटा चढतोय आणि जॉब हलत नाही

दसरा झाला की आमच्याकडं ट्रॉल्यांची कामं अंगावर यायला लागतात. गळीत हंगाम तोंडावर, कारखाना कधी सुरू होईल सांगता येत नाही, त्यामुळं प्रत्येकाला चाकाचा हब आजच खोलून आजच बसवून पाहिजे असतं, आणि उद्यमनगरातल्या शेडमधली हायड्रोलिक प्रेस, म्हणजे तेलाच्या दाबानं बेअरिंग, बुश काढायची-बसवायची मशीन, सकाळी जी सुरू होते ती रात्री लाइट लावून पण चालूच. याच दिवसांत प्रेसवर लोकांना लागतं. म्हणून हंगामाच्या आधीच लिहून टाकतोय, ज्यांच्याकडं नवीन पोरं कामाला लागलीत त्यांनी तरी वाचा आणि पोरांना वाचून दाखवा.

ग्राइंडरला पोरं भितात. आवाज करतो, ठिणग्या उडतात. लेथच्या चकला पण भितात, शर्टाची बाही सांभाळून उभी राहतात. प्रेसला मात्र कोण भीत नाही, कारण ती काही आवाजच करत नाही, रॅम, म्हणजे दाबणारा पिस्टन, हळूहळू खाली येतो आणि बघणाऱ्याला वाटतं की हे सगळं आपल्या ताब्यात आहे. पण २० टनाची साधी एच फ्रेम प्रेस म्हणजे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांचं वजन मुठीएवढ्या रॅमखाली आणून ठेवल्यासारखं असतं. आणि ते वजन नुसतं खाली दाबत नाही. फ्रेमचे उभे चॅनल ताणले जातात, बेड, म्हणजे खालचा आडवा आधार, किंचित वाकतो, जॉब, म्हणजे दाबायला ठेवलेली वस्तू, दबतो, हे सगळं डोळ्याला दिसत नाही पण ताकद तिथं साठत जाते. जॉब सरळ सरकला तर ती ताकद हळूहळू कामाला लागते. जॉब अडकून बसला आणि मग एकदम फुटला किंवा निसटला तर साठलेलं सगळं एका क्षणात बाहेर येतं, आणि त्या वेळी डोळे मिटायला सुद्धा वेळ मिळत नाही.

म्हणून माझ्या मते प्रेसवरची एकच गोष्ट सगळ्यात आधी शिकवायची. प्रेशर गेजचा काटा चढतोय आणि जॉब हलत नाही, तिथं थांबायचं. पंपाचा अजून एक दांडा मारून बघू असं नाही, थांबायचं, व्हॉल्व्ह सोडायचा, काटा शून्यावर आणायचा आणि मग जॉबला हात लावून काय अडलंय ते बघायचं.

आता त्यासाठी काटा तर पाहिजे. कितीतरी जुन्या प्रेसांवर गेजच नसतं, किंवा असतं पण काच फुटलेली आणि काटा कायमचा एका जागी बसलेला. माझं स्पष्ट मत आहे, गेज चालू नसेल तर प्रेस बंद ठेवा. हँडपंपाच्या प्रेसवर निदान हाताला कळतं, दांडा जड यायला लागतो, पण एअर पंपावर किंवा पॉवर पॅकवर पायानं नाहीतर बटणानं काम चालतं, २ टन लागले काय आणि १८ टन लागले काय, तुमच्या अंगाला काहीच कळत नाही, गेज हाच तुमचा हात. आणि हँडपंपाच्या दांड्यात पाइप घालून लांबी वाढवायची सवय असेल तर ती आजच मोडा, कारण दांडा जड येतोय हा निरोप आहे आणि पाइप घालून तुम्ही तो निरोपच बंद करताय.

गेजवर बार लिहिलेले असतात, टन नाही, आणि पोरांना बारवरून काही बोध होत नाही. एकदाच हिशोब करून टाका. रॅमच्या सिलिंडरचं बोअर बघा, समजा १०० मिलिमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटर. एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या थोडं वर. तर २०० बारला साधारण १६ टन झाले, १०० बारला ८ टन. गेजच्या काचेवर पेंटनं ५ टन, १० टन अशा खुणा करून ठेवल्या की कुणालाही कळतं. हे गणित पास्कलचं आणि त्यावर ब्रामा नावाच्या इंग्रज माणसानं १७९५ साली प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हापासून आजवर त्यात काही बदल नाही, छोट्या पिस्टनवर माणूस जोर लावतो आणि मोठ्या पिस्टनवर तो कितीतरी पटीनं निघतो. रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह, कंपनीनं ज्या दाबावर सेट करून दिलाय तिथंच राहू द्या. टन कमी पडतायत म्हणून स्क्रू आवळणारे मी बघितलेत. टन कमी पडत असतील तर ते काम त्या प्रेसचं नाही.

मागं शेजारच्या शेडमध्ये एक हब आला होता. चिखल आणि जुनं ग्रीस मिळून आत काळा लगदा झालेला, पोरानं वरवर पुसला, बेडवर ठेवला आणि पंप मारायला लागलं. बेअरिंग जागचं हलंना. काटा चढायला लागला, पोरानं हात थोडा सैल केला, परत जोर लावला, काटा अजून वर. तिथले म्हातारे मिस्त्री लेथवर होते, त्यांची पाठ होती, पण फ्रेममधनं एक बारीक करकर आवाज येतो तो त्यांनी ऐकला आणि तिथनंच ओरडले, "आरं थांब की! काय अडलंय ते बघ आधी." प्रेशर सोडलं, हब उलटा केला, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खाचेतलं ग्रीस खरवडलं तर आत सर्कलिप, म्हणजे बेअरिंग जागेवर अडकवून ठेवणारी खाचेतली रिंग, तसंच बसलेलं. चांगलं जाड सर्कलिप. म्हणजे तो सगळा जोर बेअरिंगवर नाही, त्या खाचेच्या ओठावर जात होता आणि हब बिडाचा. अजून थोडं ताणलं असतं तर ओठ तुटून कुठं गेला असता देवाला माहीत. मिस्त्री पोराला रागावले नाहीत, डिझेलचा डबा आणि ब्रश हातात दिला आणि म्हणाले, आधी आंघोळ घाल, मग बेडवर चढव. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये पण हीच पद्धत आहे, न धुतलेला जॉब प्रेसवर जात नाही. धुतल्याशिवाय लॉक, ग्रब स्क्रू, आडवी मारलेली पिन, जुन्या वेल्डिंगचा टाका, यातलं काहीच दिसत नाही.

बेअरिंगबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण जास्त करून तेच काम असतं. बेअरिंगची रेस, म्हणजे गोळ्यांच्या आतली आणि बाहेरची रिंग, पाणी दिलेली असते, कडक असते, आणि कडक लोखंड वाकत नाही, फुटतं. शाफ्टवर बेअरिंग बसवताना जोर आतल्या रेसवर, हाउसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या रेसवर, हे सगळ्यांना पाठ आहे, कारण नवीन बेअरिंग खराब होऊ नये ही काळजी असते. पण काढताना? काढताना सगळे म्हणतात टाकूनच द्यायचंय, कशाला जपायचं, आणि बाहेरच्या रेसखाली दोन पट्ट्या सरकवून शाफ्ट खाली दाबतात. सगळा जोर गोळ्यांमधनं बाहेरच्या रेसवर जातो, रेस आतून उलायला बघते आणि तडकली की तिचे तुकडे गोळीसारखे सुटतात. नवीन बेअरिंगपेक्षा भंगारातल्या बेअरिंगनं माणसाला जास्त लागतं ते यामुळंच. दोन फाळक्यांचं सेपरेटर मिळतं, ते आतल्या रेसच्या खाली आवळून बसवायचं, थोडा वेळ जातो पण जोर जिथं पाहिजे तिथं जातो. आणि सेपरेटर बसायला जागाच नसेल तर बाहेरची रेस चादरीसारखी गुंडाळून झाका, जाड कॅनव्हास असतो त्यानं, आणि वर गार्ड लावा. नुसता कापडाचा बोळा ठेवून भागत नाही.

पाणी दिलेल्या वस्तू अजून कुठल्या? जुनी कानस, टूल बिट, घणाचं डोकं. यातलं काहीही पॅकिंग म्हणून, म्हणजे मधली जागा भरायला, रॅमखाली ठेवायचं नाही. कानशीचा तुकडा बरोबर मापाचा सापडतो म्हणून लोक ठेवतात. पॅकिंगला साध्या माइल्ड स्टीलचे लेथवर दोन्ही तोंडं फेस करून घेतलेले ठोकळे पाहिजेत, ते दबतील, फुगतील, पण उडणार नाहीत. एकावर एक तीन-चार ठोकळे रचू नका, बेड वर घ्या, त्यासाठीच तर फ्रेमला भोकं दिलीत.

बेडच्या पिना. चारही पिना, आरपार, दोन्ही बाजूंना एकाच भोकात. एक पिन हरवली की तिथं बोल्ट घालतात, बोल्टचे आटे त्या भोकात बसतात आणि जोर आट्यावर येतो, बोल्ट तिथंच कापला जातो. टर्नरकडनं चांगल्या मटेरियलची पिन करून घ्यायला कितीसा खर्च आहे. बेड वर-खाली करायची दोरीची चरखी असेल तर पिना घातल्यावर दोरी सैल झालेली दिसली पाहिजे, नाहीतर बेड पिनांवर नाही, दोरीवर लटकलेला असतो.

मग सेंटर. रॅम, पॅकिंग, जॉब आणि खालचा आधार एका रेषेत पाहिजेत. रॅम नुसता टेकवायचा, काटा हलायच्या आत थांबायचं आणि समोरून एकदा, बाजूनं एकदा बघायचं. जरा तिरकं दिसलं तरी उचलायचं. दाबता दाबता सरळ होईल असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, दाबता दाबता ते अजून तिरकंच होतं, मग रॅमला चरे पडतात, सील जातं आणि जॉब बाजूला उडतो. शाफ्ट सरळ करताना तर हे दुप्पट सांभाळायचं, कारण तिथं शाफ्ट गोल असतो, व्ही ब्लॉकशिवाय, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्याशिवाय, ठेवला की निसटणारच.

हातांची गोष्ट. एकाचा हात जॉबवर आणि दुसऱ्याचा हात पंपावर, हे चित्र कुठंही दिसलं तर थांबवा. बोटं जातात ती अशीच. एक म्हणतो "जरा थांब", दुसऱ्याला कॉम्प्रेसरच्या आवाजात "जरा दाब" ऐकू येतं. जो जॉब धरतो त्यानंच पंप मारायचा, म्हणजे पंप मारायला हात सोडावाच लागतो. लांब शाफ्ट असेल आणि दोघं लागतच असतील तर दुसऱ्यानं स्टँडनं आधार द्यायचा, हातानं नाही. शाफ्ट सुटून खाली पडणार हे धरूनच चालायचं, खाली वाळूची घमेली ठेवा किंवा लाकडाचा ओंडका ठेवा, पडणारा शाफ्ट झेलायला पोराला खाली बसवू नका.

बॉटल जॅक घालून घरी बनवलेल्या प्रेसबद्दल बरेच जण विचारतात. आपल्याकडं वेल्डिंग करणारे उत्तम आहेत, चॅनल मिळतो, जॅक मिळतो, आणि व्यवस्थित केली तर छोट्या बुशच्या कामाला ती चालते. पण जॅकवर २० टन लिहिलंय म्हणून फ्रेम २० टनाची होत नाही. जॅक वरच्या प्लेटला पकडलेला पाहिजे, नुसता मध्ये उभा केलेला नको, नाहीतर तिरका जोर आला की जॅकच बाहेर उडतो. आणि कॉइल स्प्रिंग दाबायचं काम अशा प्रेसवर अजिबात करू नका, चांगल्या प्रेसवर सुद्धा पिंजऱ्यासारखं फिक्स्चर असल्याशिवाय नको.

आता होज पाइप, जे कुणीच सांगत नाही. पाइपला बारीक भोक पडलं की तेलाची धार डोळ्याला दिसत नाही, नुसता धूर असल्यासारखं दिसतं नाहीतर हवेत वास येतो, आणि माणूस सवयीनं बोट फिरवून बघतो कुठनं गळतंय. ते करायचं नाही. शंभर-दोनशे बारची ती धार हातमोज्यातनं आणि कातडीतनं आत जाते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखत पण नाही, म्हणून माणूस पुसून कामाला लागतो, आणि आत तेल पसरत राहतं, काही तासांत हात सुजून काळा-निळा पडतो आणि बोट किंवा हात कापायची वेळ येऊ शकते. असं काही झालं तर दुखत नसलं तरी लगेच जिथं ऑपरेशनची सोय आहे अशा मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की प्रेशरचं हायड्रोलिक ऑइल आत गेलंय, नुसतं "टोचलं" म्हणू नका, नाहीतर टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन घरी याल. गळती शोधायची तर पुठ्ठा लांबून फिरवा, ओला झाला की कळतं. आणि नट आवळायचा तो प्रेशर शून्यावर आणून. पाइपचं रबर तडकलेलं दिसलं, आतली जाळी दिसायला लागली, की बदलायचा, टेप गुंडाळायची नाही.

गार्डचं शेवटी सांगतो कारण त्याचीच चौकशी जास्त येते. गॉगल हवाच, पण गॉगल फक्त डोळे वाचवतो, गळा वाचवत नाही. आम्ही फ्रेमच्या दोन्ही उभ्या चॅनलला बिजागऱ्या मारून पुढं आणि मागं अशी दोन झाकणं केलीत, खाली-वर अँगलची चौकट आणि मध्ये ६ मिलिमीटरची पारदर्शक शीट. मागचं झाकण विसरू नका, मागनं पण माणसं जात असतात. पंपाचा दांडा उजव्या चॅनलच्या बाहेर येईल असा घेतलाय, म्हणजे मारणारा माणूस जॉबच्या समोर नाही, लोखंडाच्या आड उभा राहतो. शीट आणायला जाल तेव्हा पॉलिकार्बोनेटच मागा. अ‍ॅक्रिलिक दिसायला तशीच असते आणि स्वस्त पडते, पण मार बसला की तिचेच सुरे होतात. शंका आली तर दुकानदाराकडनं कोपऱ्याची एक पट्टी मागून घ्या आणि व्हाइसमध्ये धरून वाकवून बघा, गॉगल घालून. पॉलिकार्बोनेट वाकते, अ‍ॅक्रिलिक कट्‌कन मोडते.