पाच एकरवाल्याला धान्य का देता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात बचत गटाच्या आम्ही नऊ जणी समाजमंदिरात धान्य बँक चालवतो. दर शनिवारी बसतो, आणि दर शनिवारी कुणीतरी म्हणतंच, रेशन फुकट मिळतं, त्यात शेती असलेल्यालाही तुम्ही ज्वारी-डाळ का देता?

रेशनवर अंत्योदयला घरामागे 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. त्यात डाळ-तेल नाही. या दोन्हींत न बसणाऱ्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्याला आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत, म्हणजे आमच्या यवतमाळातही, 2-3 रुपये किलोनं धान्य मिळायचं. ते थांबलं आणि 2023 मध्ये माणशी महिन्याला 150 रुपये खात्यात टाकायचं ठरलं. तेवढ्यात महिना काढून दाखवा.

आज मी हे तावातावानं सांगते, पण ‘फक्त भूमिहीनांना’ हा नियम मीच लावला होता. वहीच्या पहिल्या पानावर माझंच अक्षर आहे.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. दुबार पेरणीचं वर्ष, सोयाबीन निघायला दोन महिने. आमच्याच गल्लीतले एक मामाजी आले. काखेत घडी केलेली थैली. पुढ्यात ज्वारीचं पोतं उघडं होतं, मापाची पायली माझ्या हातात. मी म्हटलं, “मामाजी, तुमच्या नावावर पाच एकर आहे. हे भूमिहीनांसाठी हाय.”

“बरं माय,” ते म्हणाले. “इचारून पाहाव म्हनलं.”

थैलीची आधीच चार पदरी घडी होती. त्यांनी ती उलगडली, झटकली, पुन्हा तशीच घातली आणि निघाले. आम्ही नऊ जणी होतो. एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, कारण नियम माझा होता.

जानेवारीत आमची तूर निघाली. खळं उचलल्यावर मामाजींची बायको सरवा वेचायला आली. एक-एक दाणा मातीतून उचलून ओटीत टाकत होती. मला पाहून तिनं पदर पुढे ओढला. पाण्याचा गुंड घेऊन मी धुऱ्यावरच उभी राहिले. मामी, या, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण म्हटलं नाही.

त्या शनिवारी नियम खोडला. आता नाव आलं की नऊ जणी मिळून ठरवतो. तरी भांडणं होतात. एकानं आमच्याकडून तेल-डाळ नेली आणि त्याच आठवड्यात नवा मोबाईल घेतला. त्यावरून दोघी दोन शनिवार आल्या नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मूठ-मूठ काढून त्यांनीही धान्य दिलंय, आणि ज्याला खरंच काही नाही त्याचं माप त्यानं कमी होतं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

मामाजी पुन्हा आले नाहीत. मामी येतात, सगळे गेल्यावर, दिवेलागणीला. तोवर आम्ही पोतं बांधत नाही.