"टक्के किती?" : भावाच्या संजय गांधी योजनेच्या अर्जाचा माझा अनुभव

हे मी धाकट्या भावाला विचारून लिहिते आहे. गाव, तालुका सांगणार नाही. पण तहसील कार्यालयाच्या त्या खिडकीवरचा राग अजून उतरलेला नाही, आणि तिथं जे कळलं ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं अशी मनापासून इच्छा आहे.

भाऊ बाहेरगावी कामाला होता. खोकला, रात्री दरदरून घाम, आणि 58 किलोंचा माणूस 44 वर आला. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निघाला. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी करतात, तीही पॉझिटिव्ह आली. टीबीच्या गोळ्या आधी सुरू केल्या, दोन आठवड्यांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या. तपासण्या, गोळ्या सगळं मोफत झालं, आणि त्या लोकांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. टीबीच्या रुग्णाला खाण्यासाठी पैसे देणाऱ्या निक्षय पोषण योजनेसाठी आधार आणि पासबुकाची झेरॉक्स तिथंच घेतली. पूर्वी महिना 500 मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झालेत. ते पैसे खात्यावर आले. फक्त ते टीबीच्या उपचारापुरतेच. एचआयव्हीच्या गोळ्या जन्मभराच्या, आणि उतरलेलं अंग सहा महिन्यांत भरून निघत नाही.

म्हणून संजय गांधी निराधार अनुदान योजना, राज्य सरकार निराधारांना दरमहा पैसे देतं ती. महिना 1500 रुपये. एवढ्यात रोज दोन अंडी, अर्धा लिटर दूध आणि महिन्याचे शेंगदाणे निघतात, हा हिशोब मी कागदावर मांडून पाहिला होता. वयाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आजाराचा दाखला, एवढे कागद. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं. म्हणजे दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये, अख्ख्या घराचे! आईला आता फक्त सुगीतच काम मिळतं आणि भाऊ अंथरुणाला, म्हणून आम्ही त्यात बसलो. एआरटी केंद्रावर भेटलेली कितीतरी गरजू माणसं निव्वळ या आकड्यापायी बाहेर राहिलीत, आणि तो आकडा बदलायलाच हवा.

आजाराचा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकांचा किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा लागतो. तो आम्ही आणला होता. सही-शिक्का नीट. खिडकीवरच्या कारकुनानं तो उलटसुलट करून बघितला.

"यावर टक्के कुठायत?"

"कसले टक्के?"

"अपंगत्वाचे. चाळीसच्या वर लागतात. आजार काय आहे?" असं म्हणत त्यांनी दाखल्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. मागं रांग. रांगेत आमच्या गावचे दोघं. भावानं मास्क डोळ्यांपर्यंत ओढला आणि जिन्याकडं निघून गेला. "अक्का, मी आता परत येणार नाही," एवढंच बोलला, आणि खरंच त्यानंतर त्या इमारतीत पाय ठेवला नाही.

मी पुन्हा जिल्हा रुग्णालयात. तिथं सांगितलं, एचआयव्हीला टक्के नसतात. दिव्यांग कायद्यात जे 21 प्रकार दिलेत त्यात हा आजार नाही, मग टक्के काढणार कशाचे? बरोबरच होतं. तहसीलला येऊन तसं सांगितलं, तर म्हणाले, "मग टक्के लागत नाहीत असं लिहून आणा." रुग्णालयात म्हणाले, "असं लिहून द्यायचा आमच्याकडं नमुना नाही." परत तहसील. या वेळी साहेब रजेवर. पुढच्या वेळी कारकुनाची बैठक. त्याच्या पुढच्या वेळी उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मार्चअखेर संपतेय, नवा काढा. मधल्या काळात भावाचं वजन 46 वर अडकलेलं. टीबीच्या गोळ्यांनी भूक लागायला लागली होती, आणि भूक लागलेल्या माणसाला काय घालायचं हा प्रश्न रोज सकाळी आईपुढं. एचआयव्ही असलेल्याला लक्षणं दिसत असताना नेहमीपेक्षा वीस ते तीस टक्के जास्त ऊर्जा लागते, असं समुपदेशक ताईंनी सांगितलं होतं. खरे टक्के हे, आणि त्यांची विचारपूस त्या खिडकीवर कुणीच करत नव्हतं.

गाठ सुटली ती एआरटी केंद्रावरच. समुपदेशक ताईंनी तिथं येणाऱ्या एका कार्यकर्तीशी गाठ घालून दिली. त्या बाईंनी स्वतः हा अर्ज पूर्वी केलेला. पिशवीतून या योजनेच्या शासन निर्णयाची झेरॉक्स काढली आणि एका ओळीखाली पेनानं रेघ मारली. पात्र लोकांच्या यादीत अपंग हा एक प्रवर्ग आहे, आणि क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांचा प्रवर्ग वेगळा. टक्क्यांची अट पहिल्यांना. आम्ही दुसऱ्यांतले. इतके दिवस चुकीच्या रकान्यात आमचा कागद तपासत होते!

मग मी खिडकी सोडली आणि नायब तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज लिहिला. दोनच मुद्दे. एक, प्रवर्ग दुर्धर आजार, शासन निर्णयाची प्रत सोबत. दोन, एचआयव्ही-एड्स कायदा 2017, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, त्याच्या कलम 8 प्रमाणे न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय कुणालाही आपली एचआयव्हीची स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. सबब वैद्यकीय दाखला बंद लिफाफ्यात देत आहे, तो चारचौघांत वाचला जाऊ नये. लिफाफ्यावर लाल पेनानं "गोपनीय". आवक शिक्का मारून पोच घेतली. मॅडमनी अर्ज वाचला, कारकुनाला आत बोलावलं, ती रेघ मारलेली ओळ दाखवली. माझं काम तिथल्या तिथं झालं. बाहेर आल्यावर मला हसूही येत होतं आणि रडूही.

त्यानंतर समितीची बैठक, मंजुरी, आधारला जोडलेलं खातं. वेळ लागला, पण कागद अडला नाही.

आता जे आठवतं ते सांगते. तलाठ्यांना चौकशीत उत्पन्न आणि रहिवास बघायचा असतो, आजाराचं नाव त्यांना सांगायची काही गरज नाही. मी सांगितलं नाही. आणि दाखल्याची मूळ प्रत हातातून सोडू नका.

खाण्याचं. सुरुवातीला भावाच्या तोंडात पांढरे चट्टे होते, भाकरीचा तुकडा लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांना दाखवलं, गोळ्यांनी ते गेले. तोवर आई ज्वारीची भाकरी कोमट दुधात कुस्करून, हातानं मऊ लगदा करून द्यायची. नाचणीची आंबील, मऊ खिचडी, उकडलेलं अंडं कुस्करून. तिखट बंद. एकदम ताटभर वाढायचं नाही, दर दोन तासांनी थोडं थोडं, आणि प्रत्येक घासात जरा जास्त ताकद: आमटीत शेंगदाण्याचा कूट, भातावर चमचाभर तेल. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेवर कॅलरी आणि पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. मेडिकलमधला ताकदीच्या पावडरीचा डबा एक नातेवाईक घेऊन आले होते. त्या पैशांत महिन्याची अंडी आली असती, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. पाणी उकळून, जुलाब लागले की ओआरएस.

कॅल्शियम किंवा लोहाची गोळी कुणी सुचवली तर आधी एआरटीच्या डॉक्टरांना विचारा. एआरटीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाबरोबर उपाशीपोटी घेतली तर एआरटीचा असर कमी होतो. टीबीच्या गोळ्या चालू असताना डोल्युटेग्राविरची एक जादा गोळी बारा तासांनी देतात, ती चुकवायची नाही. आणि गोळ्या चालू असूनही वजन उतरत असेल तर खाणं वाढवत बसू नका, आधी टीबीची तपासणी पुन्हा करून घ्या. 1097 हा मोफत फोन आहे, नाव न सांगता विचारता येतं. एसटीच्या साध्या गाडीत एचआयव्ही असलेल्यांना प्रवास मोफत आहे. भाऊ ती सवलत घेत नाही, कंडक्टर ओळखीचा आहे. मी त्याला आग्रह करत नाही.

वजनाचं सांगायचं तर साडेपाच फुटांना निदान 52 किलो हवं असं केंद्रावर सांगितलंय. भाऊ 51 वर आलाय. मागच्या आठवड्यात शेतात पाणी पाजायला गेला होता.

अंत्योदय रेशनकार्डाचं मात्र अजून झालेलं नाही. दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्हीबाधित कुटुंबांना त्यात घ्यायचं असं केंद्र सरकारचं म्हणणं आहे. महिन्याला 35 किलो धान्य, 2023 पासून तेही मोफत. पुरवठा शाखेत "इष्टांक शिल्लक नाही", म्हणजे ठरवून दिलेली कार्डांची संख्या भरली, असं तोंडी सांगितलं. मी म्हटलं, लेखी द्या. दिलं नाही. मग अर्ज देऊन आवक क्रमांक घेतलाय, लिफाफ्यावर "गोपनीय" लिहूनच. सोमवारी परत जाणार आहे.